ऑगर घेण्याआधी शेजारच्या विहिरीत डोकावा

खड्डे खोदायचा ऑगर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो इंचांचा. बारा इंची आहे का, अठरा इंची केवढ्याला? हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. आपण खोदणार ती जमीन दोन फुटांखाली कशी आहे, आणि आपल्या गाडीचा पंप मिनिटाला किती लिटर ऑइल देतो. या दोन गोष्टींशी ऑगर जुळला तर मध्यम किमतीचा मालही वर्षानुवर्षं काम देतो. जुळला नाही तर महागडा ऑगरसुद्धा पहिल्याच हंगामात सीलमधून ऑइल गाळायला लागतो.

स्किड स्टिअर लोडर, ज्याला आपल्याकडे साईटवर सरसकट बॉबकॅट म्हणतात, त्याच्यापुढे लावायच्या हायड्रॉलिक ऑगरबद्दल मी लिहितो आहे. ही गाडी १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जन्मली. दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणाऱ्या केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी, शेडच्या खांबांमधून वळवता येईल अशी छोटी गाडी बनवली. जागच्या जागी वळण्याचा तिचा गुण तिथूनचा आहे, आणि बागेच्या दोन ओळींत किंवा सोलरच्या सांगाड्यांमध्ये ती इतकी उपयोगी पडते तीही त्यामुळेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. अशा योजनेत सोलरच्या रांगा उभ्या करायच्या म्हणजे शेकडो खड्डे एका ओळीत, एका मापाचे हवेत. ते पहार-कुदळीनं होत नाहीत.

वर्षाला पंधरा-वीसच खड्डे काढायचे असतील, तर मात्र ऑगर विकत घेऊच नका. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारं खड्ड्याचं यंत्र गावात भाड्यानं मिळतं, तेवढ्या कामाला ते पुरे. त्याचा एकच मोठा दोष असा की बहुतेक यंत्रं उलटी फिरत नाहीत. दगडात अडकलं की शिअर बोल्ट तुटतो आणि मग यंत्र हातानं उलटं फिरवून सोडवत बसायचं. हायड्रॉलिक ऑगर लिव्हर उलटा केला की मागे फिरतो, आणि जोर मर्यादेबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइलला परतीची वाट देतो. रोज खड्ड्यांचं काम करणाऱ्याला या एवढ्या फरकासाठीसुद्धा पैसे मोजणं परवडतं.

जमीन आधी

जमिनीची चौकशी करायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. शेजारची विहीर पाहा. न बांधलेल्या विहिरीच्या कडेला जमिनीचे सगळे थर उघडे दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली कुठे चुनखडीचे खडे मिसळलेला पांढुरका थर, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण. कुठला थर किती फुटांवर सुरू होतो ते मोजा. ज्यानं ती विहीर खोदली त्याला विचारलं तर पहिला सुरुंग किती फुटांवर लावला हेही तो सांगेल. तुमचा खड्डा त्या खोलीच्या वरच थांबत असेल तर साधा मातीचा ऑगर चालेल. मुरमात किंवा मांजऱ्यात उतरायचं असेल तर कार्बाईडच्या दातांचा खडकाचा ऑगर लागेल. आणि दीड फुटावर अखंड काळा पाषाण असेल, तर कुठलाही विक्रेता काहीही म्हणो, स्किड स्टिअरचा ऑगर तिथे चालणार नाही. तिथे ब्रेकर किंवा कॉम्प्रेसरचं ड्रिल लावा आणि ऑगरचे पैसे वाचवा.

कोकणातला जांभा हा मधला प्रकार. उघडा पडून वाळलेला वरचा कातळ फार टणक असतो, खालचा ओलसर जांभा त्या मानानं मऊ. तिथे कार्बाईडचे दात चांगले चालतात, पण पहिल्या फूटभरात घाई केली की दात तिथेच जातात.

मला सगळ्यात अवघड वाटते ती ओली काळी माती. ती खडकासारखी अडवत नाही, पण ऑगरच्या पात्यांना चिकटून बसते. दोन फूट गेल्यावर ऑगर वर घेतला तर पाती दिसतच नाहीत, नुसता मातीचा गुळगुळीत खांब वर येतो. तो झटकला नाही आणि तसाच खाली घातला तर खोदाई होत नाही, नुसतं घासणं होतं. अशा जमिनीसाठी पात्यांमधलं अंतर जास्त असलेला ऑगर घ्या आणि जमीन वाफशावर असतानाच काम धरा.

मग गाडी

गाडीच्या पुस्तिकेत ऑक्झिलरी फ्लो नावाचा आकडा असतो. साध्या स्किड स्टिअरमध्ये तो मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर असतो, हाय फ्लो गाडीत ११५ ते १५० लिटरपर्यंत जातो. पुस्तिकेत गॅलन दिले असतील तर ३.८ नं गुणा. दाब बहुधा २०० ते २३० बार. हे आकडे इंजिन पूर्ण रेसवर असतानाचे आणि नव्या पंपाचे असतात. गाडी जुनी असेल तर खरेदीआधी मेकॅनिककडून फ्लो मीटर लावून मोजून घ्या.

ऑगरच्या हेडमध्ये एक हायड्रॉलिक मोटर आणि बहुतेकदा तिच्याखाली प्लॅनेटरी गिअरबॉक्स असतो. मोटर एका फेऱ्यात किती घन सेंटिमीटर ऑइल खाते, त्यावर सगळं गणित आहे. एक उदाहरण कागदावर मांडू. मोटर १६० सीसीची, दाब २०० बार, गिअर ५ ला १. सीसीला बारनं गुणून ६२.८ नं भागलं की मोटरचा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये मिळतो, इथे सुमारे ५१०. गिअरमुळे तो पाचपट, म्हणजे २५५० च्या आसपास. घर्षण आणि गळती धरून प्रत्यक्षात २१०० च्या जवळ हाती लागेल. आता वेग. मिनिटाला ७० लिटर म्हणजे ७०,००० सीसी. त्याला १६० नं भागा, ४३७ फेरे. गिअरनंतर ८७, आणि आतली गळती वजा जाता ८० च्या आत.

हे गणित विक्रेत्यासमोर बसून करा, कारण जाहिरातीतला टॉर्कचा आकडा मोटरला चालणाऱ्या कमाल दाबाचा असतो, तुमच्या गाडीच्या दाबाचा नव्हे. हेड २४० बारवर इतकं ओढतं असं लिहिलेलं असतं आणि गाडी २०० बारलाच रिलीफ सोडते. मग तो वरचा टॉर्क तुम्हाला कधी मिळणारच नाही. उलटी चूक जास्त महाग पडते. ६० लिटरसाठी बनवलेलं हेड हाय फ्लो लाईनवर लावलं तर मोटर वाजवीपेक्षा जोरात फिरते, ऑइल तापतं आणि सील जातं. हेडवर किमान आणि कमाल फ्लो दोन्ही लिहिलेले असतात. तुमच्या गाडीचा आकडा त्या दोहोंच्या मधोमध पडणारं हेड घ्या.

वेग आणि टॉर्क यांत निवड करायची वेळ आली तर आपल्या दख्खनच्या जमिनीसाठी मी डोळे मिटून टॉर्क निवडेन. भुसभुशीत मातीत जोरात फिरणारा ऑगर माती चांगली फेकतो, हे खरं. मुरमात मात्र वेगाचा उपयोग नाही. तिथे दात सावकाश फिरून कण सोडवत गेला पाहिजे. जोरात फिरला तर तो नुसता घासतो, तापतो आणि बोथट होतो. गिअरबॉक्स नसलेली थेट मोटरची हेड स्वस्त असतात आणि रेताड जमिनीत ती चालूनही जातात. विदर्भ-मराठवाड्यात कंत्राटाची कामं करणाऱ्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

गाडीला ऑगर बसतो तो क्विक अटॅच प्लेटनं. स्किड स्टिअरच्या या जोडणीला आयएसओ २४४१० हे मानक आहे. त्यात बसणारी प्लेट असेल तर उद्या गाडी बदलली तरी ऑगर वाया जात नाही. खाली ऑगर ज्या शाफ्टला लागतो तो कुठे दोन इंची षटकोनी असतो, कुठे ६५ मिलिमीटरचा गोल, मोठ्या हेडला ७५ मिलिमीटरचा चौकोनी. तुमच्या जिल्ह्यात ज्या शाफ्टचे ऑगर आणि दात सहज मिळतात, तोच घ्या. आणि हेड प्लेटला घट्ट वेल्ड केलेलं नको, दोन दिशांना झुलणारं हवं. तसं असलं की जमीन उतरती असली तरी ऑगर स्वतःच्या वजनानं ओळंब्यात लटकतो आणि खड्डा सरळ उतरतो.

आता इंच

खांबाच्या जाडीच्या तिप्पट व्यासाचा खड्डा, हा काँक्रीट भरून खांब उभा करण्याचा चालत आलेला हिशोब. चार इंची पोलला बारा इंची. त्याहून मोठा ऑगर हौसेनं घेतला की पैसे काँक्रीटमध्ये जातात. बारा इंची तीन फूट खोल खड्ड्यात साधारण ६७ लिटर काँक्रीट बसतं. अठरा इंचीत १५०. चौरस एकराचा घेर सुमारे २५४ मीटर भरतो, अडीच मीटरवर एक खांब धरला तर शंभरेक खड्डे झाले. व्यासातल्या सहा इंचांपायी एकरामागे सुमारे आठ घनमीटर काँक्रीट जास्त लागेल.

फळबागेचा हिशोब वेगळा आहे आणि तो खड्डे काढणाऱ्याला क्वचितच माहीत असतो. डाळिंबाला दोन फुटी खड्डा लागतो, तो चोवीस इंची ऑगरनं एका दमात निघतो. आंब्याला मीटरभर रुंदीचा खड्डा सांगतात. त्यासाठी अर्धा खड्डा अर्ध्यावर चढवून खोदू नका. ऑगर मोकळ्या बाजूला ओढला जातो आणि शाफ्ट वाकतो. दोन खड्ड्यांमध्ये वीतभर भिंत राखून खोदा, ती नंतर कुदळीनं पाडा. पण खरी काळजी घ्यायची ती खड्ड्याच्या कडांची. चिकण आणि काळ्या मातीत फिरणारा ऑगर खड्ड्याची आतली बाजू लिंपून टाकतो. हात फिरवला तर ती गिलावा केलेल्या भिंतीसारखी लागते. त्या भिंतीतून नव्या रोपाची मुळं बाहेर जाऊ शकत नाहीत, पाणीही मुरत नाही, आणि रोप कुंडीत लावल्यासारखं आतल्या आत वळत राहतं. रोप दोन वर्षांनी खुंटतं आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो. म्हणून ऑगरनं काढलेल्या प्रत्येक खड्ड्याच्या कडा रोप लावण्याआधी पहारीनं खरवडून, जागोजागी खाचा पाडून घ्या. मजूर कंटाळा करतात. त्यांच्यासोबत उभं राहून करून घ्या.

खोदताना

खड्डा सुरू करताना इंजिनची रेस कमी ठेवा, मधलं टोक जमिनीत बसू द्या, मग वाढवा. फूटभर गेलं की वर घ्या, माती झटका, पुन्हा खाली. एका दमात तीन फूट उतरवण्याची पैज लावणारे ऑपरेटर ऑगर अडकवून घेतात. वरून किती दाबायचं याचं मोजमाप पुढच्या चाकांपाशी दिसतं. पुढची चाकं जमिनीवरून सुटू लागली की दाब जास्त झाला.

ऑगर अडकला तर बूम उचलून तो उपटायचा नाही. त्यानं पिना वाकतात, प्लेट फाटते. थांबा, उलटा फिरवा, आणि उलटा फिरत असतानाच हळूहळू वर घ्या. एक्स्टेंशनचा तुकडा सुरुवातीपासून लावू नका. ऑगरची स्वतःची खोली पूर्ण झाल्यावर लावा, नाहीतर लांब शाफ्ट वर लटपटत राहतो.

फिरणाऱ्या ऑगरजवळ माणूस नको. निदान वीस फूट लांब. सैल सदरा, ओढणी, गळ्यातला गमछा पात्यात गुंडाळला गेला तर लिव्हर सोडेपर्यंत उशीर झालेला असतो. माती बाजूला करायला फावडं घेऊन वाकलेला मजूर हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य आहे आणि ते ताबडतोब थांबवलं पाहिजे. ऑगर थांबेल, जमिनीवर टेकेल, मगच फावडं. खोदण्याआधी ठिबकची मेन लाईन, मोटरची केबल, गावची पाण्याची पाइपलाइन कुठून गेली आहे ते मालकाकडून जागेवर चुन्यानं आखून घ्या. बूम उचलल्यावर वरची विजेची तारही जवळ येते, तिच्याकडे लक्ष ठेवा. जेवढे खड्डे त्या दिवशी भरणार तेवढेच काढा. उरले तर फळ्या टाकून झाका. उघड्या खड्ड्यात वासरू पडतं, आणि पाऊस झाला तर पाण्यानं भरलेला खड्डा लहान मुलाला दिसतही नाही.

देखभाल

सगळ्या ऑगरमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे दात, आणि लोक कंजूषपणा करतात तो नेमका दातांवर. बाहेरच्या कडेचा दात झिजला की माती पात्याची धार कापू लागते. मग दाताऐवजी पातं झिजतं, आणि पातं म्हणजे अख्खा ऑगर. दात जोडीनं बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला असला की ऑगर एका अंगाला ओढतो आणि खड्डा वाकडा होतो. मधलं टोक बोथट झालं तर ऑगर जागेवर न बसता नाचतो, बारा इंचांचा खड्डा चौदा इंच भरतो. टोक आणि दातांचा एक जादा संच गाडीतच असू द्या.

खडकाच्या ऑगरचे गोळीच्या आकाराचे दात आपापल्या खोबणीत मोकळे फिरले पाहिजेत. फिरले तर चहूबाजूंनी सारखे झिजतात, अडकले तर एकाच बाजूनं झिजून आठवड्यात निकामी होतात. रोज संध्याकाळी बोटानं फिरवून पाहा. अडकलेला दात पाण्यानं धुवून, पितळी किंवा लाकडी हातोडीनं ठोकून मोकळा करा. कार्बाईडवर लोखंडी हातोडा मारू नका, त्याची कपची डोळ्यात उडते. तिथे ग्रीसही लावायचं नाही. ग्रीस आणि मुरमाची धूळ मिळून पॉलिशची पेस्ट होते.

ग्रीस जिथे लावायचं ते पिना आणि बुश यांना, रोज सकाळी काम सुरू करण्याआधी. ऑगर शाफ्टला धरून ठेवणारा बोल्ट त्याच वेळी तपासा. तो हरवला की सळईचा तुकडा घालून काम ढकललं जातं. सळई कापली जाते आणि ऑगर खड्ड्याच्या तळाशी राहतो. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचाच बोल्ट वापरा.

गिअरबॉक्सचं ऑइल हे हायड्रॉलिक ऑइलपासून वेगळं असतं, हे कित्येक मालकांच्या गावीही नसतं. नव्या हेडचं पहिलं ऑइल लवकर बदलावं लागतं, कारण नव्या गिअरांचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो. किती तासांनी आणि कुठल्या ग्रेडचं, ते पुस्तिकेप्रमाणे. काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात ओतून त्यात चुंबक फिरवा. करडी पूड चिकटली तर साधी झीज आहे. चकचकीत कपच्या आल्या तर हेड उघडायची वेळ आली. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, सील बघा.

काही मोटरींना दोन जाड होजखेरीज तिसरी बारीक होज असते, केस ड्रेन. मोटरच्या आत झिरपलेलं ऑइल ती टाकीत परत नेते. ती जोडायची राहिली किंवा तिचा कपलर अर्धवट बसला, तर आत दाब साचतो आणि शाफ्टचं सील फुटतं. त्याला दिवस लागत नाही. ऑगर लावताना केस ड्रेन सगळ्यात आधी जोडायची, काढताना सगळ्यात शेवटी सोडायची.

कपलर जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ कापडानं पुसा. मुरमाची चिमूटभर धूळ पंपापर्यंत पोचते, आणि पंप ऑगरपेक्षा कितीतरी महाग आहे. सोडलेल्या होजना टोप्या लावा. अकोला-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात पडलेल्या होजमधलं ऑइल फुगून आत दाब धरतं आणि कपलर बसता बसत नाही. तेव्हा त्याला ठोकू नका. होज सावलीत घेऊन निवू द्या, आणि पुढच्या वेळी ऑगर झाडाखाली किंवा शेडमध्ये उतरवा. त्याच उन्हात सलग मुरूम खोदताना गाडीच्या ऑइलचं तापमानही पाहत राहा. काटा चढू लागला तर खोदाई थांबवून गाडी रिकामी चालू ठेवा आणि कूलरची जाळी हवेनं साफ करा.

होजला बारीक भोक पडून ऑइलची चिळकांडी उडत असेल तर भोक कुठे आहे ते बोटानं चाचपू नका. २०० बारची ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत ऑइल पसरून बोट किंवा हात कापायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून गळती शोधा. कुणाला लागलंच तर मलमपट्टी करून थांबू नका. थेट सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या आणि हायड्रॉलिक ऑइल दाबानं आत गेलं आहे, असं स्पष्ट सांगा.

जुना घेताना

जुना ऑगर घ्यायचा तर रंग पाहू नका. हेड लटकवून शाफ्ट दोन्ही हातांनी हलवा. बाजूला खेळत असेल तर बेअरिंग गेलं. सीलभोवती मातीचा ओला, काळा थर असेल तर गळती जुनी आहे, वरून पुसलेली असली तरी खाचेत दिसते. ऑगर सावकाश फिरवायला लावा आणि टोकाकडे पाहा. टोक एका जागी न फिरता वर्तुळ काढत असेल तर शाफ्ट वाकला आहे. पात्याच्या बाहेरच्या कडेची जाडी वर आणि खाली मोजा, खालची अर्ध्यावर आली असेल तर ऑगर भंगारात धरूनच किंमत करा. आणि गिअरबॉक्सवरची नंबरप्लेट शाबूत आहे का ते बघा. सील किट आणि बेअरिंग त्या नंबरावरूनच मागवावं लागतं. प्लेट उखडलेली असेल, तर विक्रेत्याकडून मॉडेल नंबर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.